करड्या सागाखालचा सोनेरी साग

एकाच ओंडक्याच्या दोन फळ्या घेतल्या. एकीचं कपाट झालं आणि ते घरात राहिलं. दुसरीचा बाक झाला आणि तो गच्चीत गेला. दोन-तीन वर्षांत कपाट पहिल्यापेक्षा गडद, तपकिरी-सोनेरी दिसू लागतं. बाक मात्र करडा पडतो, हात फिरवला तर खरखरीत लागतो आणि त्यावर लांबट बारीक खाचा दिसतात. घरात लगेच निकाल लागतो: लाकूड सडलं, किंवा सुताराने साग म्हणून दुसरंच काही गळ्यात मारलं. बहुतेक वेळा हे दोन्ही निकाल चुकीचे असतात.

होडीच्या सागाला हे भोग जास्त. डेकवर, म्हणजे नौकेच्या उघड्या वरच्या पृष्ठभागावर, ऊन थेट पडतंच, शिवाय पाण्यावरून उलटूनही येतं. लाकूड दिवसातून अनेकदा भिजतं, वाळतं. गोव्याच्या मांडवी नदीत किंवा मुंबईच्या गेटवेसमोर नांगरलेल्या यॉटींच्या डेकवर हा करडा रंग सहज दिसतो. मालक तो घालवायला निघतो, आणि लाकडाचं खरं नुकसान अनेकदा तिथूनच सुरू होतं. उन्हापावसाने वर्षानुवर्षांत खाल्लं नसेल तेवढं लाकूड एका उत्साही रविवारी घासून काढलं जातं. करडेपणा म्हणजे काय आणि तो किती खोल असतो, हे कळलं तर हे टाळता येतं.

समुद्रापासून दूर, मल्लेश्वरममध्ये

या प्रश्नाचा अभ्यास करणारी आपल्या देशातली एक महत्त्वाची संस्था समुद्रकिनाऱ्यावर नाही. किनाऱ्यापासून सुमारे ३०० किलोमीटर आत, बंगळुरूच्या मल्लेश्वरम भागात, इन्स्टिट्यूट ऑफ वुड सायन्स अँड टेक्नॉलॉजी आहे. तिचं मूळ १९३८ साली म्हैसूर संस्थानात सुरू झालेल्या वनसंशोधन प्रयोगशाळेत आहे, आणि १९८८ पासून ती आजच्या रूपात काम करते. समुद्राच्या पाण्यात लाकूड कसं टिकतं, त्याला किडे कसे पोखरतात, हे तपासणारं तिचं केंद्र विशाखापट्टणमला होतं. बंगळुरूत के. के. पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षं एका वेगळ्या शत्रूचा अभ्यास केला: प्रकाशाचा. उजेड पडल्यावर लाकडाच्या पृष्ठभागाची रासायनिक घडण कशी बदलते, हे त्यांनी मोजलं.

बंगळुरू शहर स्वतःच या विषयाची प्रयोगशाळा म्हणावी असं आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. उंची वाढते तशी वरची हवा विरळ होते आणि अतिनील किरण जास्त पोचतात. दर हजार मीटरला ही वाढ साधारण दहा टक्के धरतात. पाऊस नैर्ऋत्य मोसमात येतो, आणि ऑक्टोबरमध्येही चांगलाच पडतो. मधल्या दिवसांत कडक ऊन. म्हणजे भिजणं-वाळणं वर्षातले कितीतरी महिने चालू. हवा थंड म्हणून ऊन सौम्य, हा समज माणसाच्या कातडीला फसवतो, तसाच शहराच्या बसवनगुडी भागातल्या सागवानी खिडक्यांनाही महागात पडतो.

साग टिकतो तो कशामुळे

करड्या रंगाकडे वळण्याआधी सागाची मूळ ताकद पाहू. सागाच्या खोडाचा मधला गडद भाग म्हणजे गाभा, आणि बाहेरची फिकट पट्टी म्हणजे कच्चं लाकूड. झाड जिवंत असताना गाभ्यात काही द्रव्यं साठत जातात. त्यातलं टेक्टोक्विनोन वाळवीला नकोसं असतं. लॅपाचॉलच्या कुळातली द्रव्यं बुरशीला रोखतात. याशिवाय गाभ्यात रबरासारखा पदार्थ थोड्या प्रमाणात असतो. ताज्या रंध्याखाली साग तेलकट, मेणचट लागतो तो याच साऱ्या द्रव्यांमुळे. पाणी हळू शिरतं, लाकूड फुगतं-आकसतं ते बेताने, त्यामुळे फळी वेडीवाकडी होत नाही.

होडीसाठी आणखी एक गुण मोलाचा ठरला. युरोपातल्या ओक लाकडात टॅनिन आम्ल भरपूर असतं. त्यात ठोकलेला लोखंडी खिळा गंजतो आणि भोवतालचं लाकूडही कुजवतो. सागात हा त्रास फार कमी.

मात्र हे सगळं गाभ्यापुरतं. कच्च्या पांढरट पट्टीत ही द्रव्यं नसतात, त्यामुळे ती वाळवी आणि बुरशी यांना सहज बळी पडते. 'साग असूनही किडला' अशी तक्रार ऐकू आली तर आधी तो कच्चा भाग तर नव्हता ना, हे पाहावं.

ऊन लाकडाचं काय करतं

लाकूड मुख्यतः तीन पदार्थांचं बनलेलं असतं. सेल्युलोज म्हणजे लांब, मजबूत धागे. कापूस जवळजवळ शुद्ध सेल्युलोजच असतो. हेमिसेल्युलोज त्या धाग्यांना लगटून राहतं. आणि लिग्निन हा सगळ्यांना धरून ठेवणारा तपकिरी चिकटा.

कोकणातली किंवा देशावरची कुडाची भिंत आठवा. आत कामट्यांची वीण, वर मातीचा लेप. कामट्या ताकद देतात, माती त्यांना जागच्या जागी धरते. लाकडात सेल्युलोजच्या धाग्यांचं काम कामट्यांचं आणि लिग्निनचं काम मातीचं. ऊन कामट्यांना फारसं काही करत नाही, पण मातीला तडे पाडतं. मग पाऊस येतो आणि सुटलेली माती धुऊन नेतो. दोन पावसाळ्यांनंतर भिंतीवर उघड्या, फिकट कामट्या दिसू लागतात. भिंत उभीच असते. गेलेला असतो तो वरचा लेप.

लाकडात नेमकं हेच घडतं. लिग्निन अतिनील किरण आधाशासारखे शोषून घेतं. त्या ऊर्जेने त्याचे बंध तुटतात आणि अतिशय चंचल असे रेणूंचे तुकडे तयार होतात. ते हवेतल्या प्राणवायूशी जोडले जातात आणि त्यातून पिवळी-तपकिरी रंगद्रव्यं बनतात. हा पहिला टप्पा. या टप्प्यावर लाकूड फिकट न होता उलट गडद होतं.

सुरुवातीचं कपाटाचं कोडं इथे सुटतं. घरातल्या फळीवरही उजेड पडतो आणि तिथेही रंग बदलतो. खिडकीच्या काचेतून अतिनील किरणांचा काहीच भाग आत येतो, त्यामुळे बदल मंद असतो. सागातली स्वतःची द्रव्यंही हवेशी आणि उजेडाशी मिळून तपकिरी होतात. पण घरात पाऊस पडत नाही. तयार झालेला रंग तिथेच राहतो आणि कपाट दरवर्षी देखणं होत जातं.

गच्चीत किंवा डेकवर दुसरा टप्पा येतो. लिग्निनचे तुटलेले तुकडे पाण्यात विरघळतात. पाऊस त्यांना वाहून नेतो, बरोबर सागाची संरक्षक द्रव्यंही पृष्ठभागावरून निघून जातात. मागे उरतात फिकट सेल्युलोजचे सुटे धागे. ते मुळात पांढुरके असतात. त्यावर हवेतली धूळ बसते आणि एक काळसर बुरशी वस्ती करते. ऑरिओबॅसिडियम पुल्युलान्स ही त्यातली नेहमीची. तिच्यात गडद रंगद्रव्य असल्यामुळे ती उन्हातही तग धरते. ती मुख्यतः तुटक्या लिग्निनच्या अवशेषांवर आणि साखरेसारख्या पदार्थांवर जगते. लाकडाचा सांगाडा खात नाही. पांढरे धागे, त्यावर काळे ठिपके आणि धूळ, यांची बेरीज म्हणजे आपल्याला दिसणारा करडा रंग. खाऱ्या वाऱ्याच्या किनाऱ्यावर बुरशीला मीठ मानवत नाही, म्हणून तिथला साग स्वच्छ रुपेरी दिसतो. दमट, सावलीच्या जागी तोच साग काळपट आणि डागाळ होतो.

किती खोल?

अतिनील किरण लाकडात मिलिमीटरच्या शंभरातल्या सात-आठ भागांपलीकडे जात नाहीत. म्हणजे सुमारे ०.०७५ मिलिमीटर. दिसणारा उजेड सुमारे ०.२ मिलिमीटरपर्यंत पोचतो. खालचा साग जसाच्या तसा सोनेरी असतो.

झीज मात्र चालूच राहते, कारण सुटे धागे गळतात आणि खालचा नवा थर उन्हाला सामोरा येतो. अमेरिकेतल्या मॅडिसन इथल्या वन उत्पादन प्रयोगशाळेतल्या अभ्यासकांचा ढोबळ अंदाज असा: रंग न दिलेलं, उघड्यावर उभं असलेलं मऊ सूचिपर्णी लाकूड शतकात सुमारे ६ मिलिमीटर झिजतं, आणि जड, कठीण लाकूड सुमारे ३ मिलिमीटर. आपल्याकडचं ऊन तीव्र आणि डेक आडवा, म्हणून इथे वेग जास्त धरायला हवा. तरीही हिशोब वर्षाला मिलिमीटरच्या काही शतांश भागांचाच.

आता घासण्याचं गणित करू. समजा, जाड पॉलिश कागद लावलेल्या यंत्राने एका दिवसात ०.३ मिलिमीटर लाकूड काढलं. वरच्या अंदाजाने निसर्गाला त्याला दहा वर्षं लागली असती. आजच्या अनेक यॉटींवर सागाची फळी ६ ते १२ मिलिमीटर जाड असते. जुन्या पद्धतीत ती स्क्रूने बसवतात आणि स्क्रूचं डोकं खोल नेऊन वर सागाचंच गोल बूच मारतात. त्यामुळे फळी पूर्ण झिजायच्या कितीतरी आधी बुचं उडतात, स्क्रू उघडे पडतात आणि पाणी आत शिरू लागतं. दर दोन वर्षांनी 'नव्यासारखं' करून घेतलेला डेक असा अकाली संपतो.

खाचांचंही कारण इथेच आहे. सागात दर हंगामाच्या सुरुवातीला वाढलेला भाग मोठ्या छिद्रांचा आणि नरम असतो, नंतर वाढलेला भाग घट्ट. नरम भाग आधी झिजतो आणि मध्ये कठीण रेघा उभ्या राहतात. रेघांच्या दिशेने कडक ब्रश मारला, तर त्याचे केस नेमके नरम पट्ट्यांत घुसून तिथलंच लाकूड उकरतात. प्रेशर वॉशरची धार तर हे काम मिनिटांत करते. डेक त्या दिवशी लख्ख दिसतो. पुढच्या पावसात खोल झालेल्या खाचांमध्ये घाण आणि बुरशी आणखी घट्ट बसते.

साफ कसा करावा

नियम एकच: सर्वांत सौम्य उपायाने सुरुवात करावी आणि पुरेसं झालं की थांबावं.

पहिली पायरी पाण्याची. लाकूड आधी भिजवून घ्यावं, म्हणजे धागे फुगतात आणि साबण खोल जात नाही. सौम्य द्रव साबण, मऊ ब्रश किंवा स्पंज, आणि घासण्याची दिशा रेघांना आडवी. मग भरपूर पाणी. होडीवर समुद्राचं पाणी चालतं, किंबहुना चांगलंच. त्यातलं मीठ बुरशीला आवर घालतं आणि डेकच्या फळ्या ओलसर राहून सांधे घट्ट राहतात. बहुतेक वेळा काम इथेच संपायला हरकत नाही.

दुसरी पायरी डागांची. लोखंडी खुर्चीचा पाय, गंजलेला खिळा, तारेच्या ब्रशचे तुकडे यांच्यामुळे सागावर निळसर-काळे डाग पडतात. साबण त्यांना हलवत नाही. इथे ऑक्झॅलिक आम्ल उपयोगी पडतं. ते लोहाला पकडून पाण्यात विरघळणारं संयुग बनवतं आणि डाग धुऊन जातो. करडा थरही त्याने उजळतो. लिटरभर कोमट पाण्यात ३० ते १०० ग्रॅम स्फटिक पुरतात. ब्रशने लावावं, पंधरा-वीस मिनिटं ठेवावं, आणि मग पुन्हा पुन्हा धुवावं. पालकात ऑक्झॅलेट असतं म्हणून याला निरुपद्रवी समजू नये. हे स्फटिक विषारी आहेत. रबरी हातमोजे, चश्मा, तोंडावर मास्क हवाच, आणि मुलं व पाळीव प्राणी दूर हवेत. धातूच्या पट्ट्यांवर किंवा होडीच्या रंगीत बाजूंवर ओघळ पडला तर लगेच धुवावा.

तिसरी पायरी शक्यतो टाळावी अशी. बाजारात दोन बाटल्यांची जोडी मिळते. पहिलीत कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र अल्कली असतो, दुसरीत त्याला शमवणारं आम्ल. परिणाम जादूसारखा दिसतो, कारण अल्कली वरचा थर अक्षरशः सोडवून काढतो. लिग्निन आणि सागाची तेलकट द्रव्यंही त्याबरोबर जातात. फळ्यांमधल्या काळ्या रबरी सांध्यांनाही ते सोसत नाही. ब्लीचिंगच्या द्रावणाचंही तसंच. क्लोरीन बुरशी मारतं हे खरं, पण ते लिग्निनवरही तुटून पडतं. कागदाचा लगदा पांढरा करताना नेमकं हेच साधायचं असतं. आपल्याला नको असतं.

सर्वांत शेवटी पॉलिश कागद. लाकूड पूर्ण वाळल्यावर उभे राहिलेले धागे १२० ते १५० नंबरच्या कागदाने, हाताने आणि रेघांच्या दिशेने, फक्त बसवून घ्यावेत. खाचा पूर्ण सपाट करण्याचा मोह नको. सागाचा भुसा काहींच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास देतो, तेव्हा मास्क इथेही हवा.

तेल, व्हार्निश की काहीच नाही?

साफ झालेला सोनेरी साग तसाच ठेवला तर काही महिन्यांत पुन्हा करडा होतो. म्हणून पुढचा प्रश्न संरक्षणाचा.

'टीक ऑइल' नावाने मिळणारं तेल सागापासून काढलेलं नसतं. ते बहुधा जवसाचं किंवा टंग झाडाच्या बियांचं तेल असतं, टर्पेंटाइनसारख्या द्रावकात पातळ केलेलं. त्याने रंग लगेच खुलतो. पण साधं तेल अतिनील किरण अडवत नाही, उन्हात लवकर संपतं, आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावायची तयारी असेल तरच त्या वाटेला जावं. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये. तेल हवेशी संयोग पावताना उष्णता निघते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

व्हार्निश पृष्ठभागावर पातळ पापुद्रा बनवतं. पारदर्शक व्हार्निशमधून ऊन आत जातं, खालचं लिग्निन तुटतं, आणि पापुद्र्याची पकडच सुटते. मग फोड येतात, पोपडे निघतात, आणि सगळं खरवडण्याखेरीज उपाय उरत नाही. त्यात सागाची तेलकट द्रव्यं पकड आधीच कमी करतात. म्हणून कसबी पॉलिशवाले पहिला हात देण्यापूर्वी फळी अ‍ॅसिटोनने पुसून घेतात. रंगछटा असलेली लेपनं जास्त टिकतात, कारण त्यांतले लोहाच्या ऑक्साइडचे कण ऊन अडवतात. बंगळुरूच्या संस्थेतल्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात झिंक ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण लेपात मिसळून लाकडाला अतिनील किरणांपासून संरक्षण मिळतं का, हे तपासलं. उन्हात लावायच्या क्रीममध्ये असतं तेच हे झिंक ऑक्साइड. कण पुरेसे बारीक असले की लेप पारदर्शक राहतो आणि किरणही अडतात.

डेकसाठी तिसरा पर्याय सर्वांत जुना आहे: काहीच लावू नये. उघडा, किंचित खरखरीत साग ओल्या पायाला धरून ठेवतो. व्हार्निश लावलेल्या ओल्या डेकवर माणूस घसरतो. म्हणून अनुभवी खलाशी कठड्यांना आणि दारांना व्हार्निश देतात, पण पायाखालचा साग करडाच राहू देतात.

दोन शतकांचे दोन साक्षीदार

साग खरोखर किती टिकतो, याचा एक पुरावा बंगळुरूच्या जुन्या पेठेत, कृष्णराजेंद्र मार्केटजवळ उभा आहे. टिपू सुलतानाचा उन्हाळी महाल हैदर अलीने १७८१ मध्ये सुरू केला आणि टिपूच्या काळात १७९१ मध्ये पूर्ण झाला. त्याचे खांब, कमानी आणि सज्जे सागाचे आहेत. टिपूनंतर इंग्रजांची सरकारी कचेरी तिथे होती. ती १८६८ मध्ये अट्टारा कचेरी या इमारतीत गेली. महाल बांधताना या सागाला कोणतंही आधुनिक रसायन मिळालं नव्हतं. त्याला मिळालं ते डोक्यावर छप्पर. पाऊस थेट लागत नाही आणि पाणी साचत नाही.

दुसरा पुरावा मुंबईचा. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने इथल्या गोदीत पिढ्यान्‌पिढ्या सागवानी जहाजं बांधली. त्यांपैकी 'त्रिंकोमाली' ही मलबारी सागाची युद्धनौका जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली बांधली गेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरली. पुढे 'फुद्रोयाँ' या नावाने ती कित्येक दशकं मुलांना दर्यावर्दी शिक्षण देत राहिली. १९९० ते २००१ या काळात इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे तिची डागडुजी झाली. ब्रिटनच्या युद्धनौकांपैकी पाण्यावर तरंगणारी सर्वांत जुनी नौका आज तीच आहे, आणि तिच्यात मूळ सागाचा मोठा भाग अजून शाबूत आहे. तिच्या वाट्याला दोन शतकं समुद्राची हवा होती. टिकून राहिलं ते मुख्यतः जाड गाभ्याचं लाकूड, ज्याच्या वरचा एखादा मिलिमीटर गेला तरी फरक पडत नाही.

आजच्या पातळ डेकला किंवा बाल्कनीतल्या बाकाला ही चैन नाही. त्याच्याकडे मिलिमीटर मोजकेच आहेत.

थोडक्यात

- करडा रंग म्हणजे सड नव्हे. लाकडात सुरीचं टोक टोचून पाहा. ते सहज घुसलं आणि लाकूड भुसभुशीत लागलं, तरच सड समजा.
- ऊन लिग्निन तोडतं, पाऊस ते धुऊन नेतो, उरलेल्या पांढऱ्या धाग्यांवर धूळ आणि बुरशी बसते. खालचा साग चांगलाच असतो.
- साबण, पाणी, मऊ ब्रश. घासायचं रेघांना आडवं. प्रेशर वॉशर आणि तारेचा ब्रश वर्ज्य.
- काळ्या डागांना ऑक्झॅलिक आम्ल, हातमोजे आणि चश्मा घालूनच.
- तीव्र अल्कली, ब्लीच आणि जाड पॉलिश कागद हे शेवटचे उपाय.
- सोनेरी रंग हवा असेल तर ऊन अडवणारं, रंगछटा असलेलं लेपन द्या आणि ते पोपडे सुटण्याआधी नव्याने चढवा.
- पाणी साचू देऊ नका. बाकाच्या पायाखाली दगडाचा किंवा रबराचा तुकडा ठेवा.

बाल्कनीतला बाक असो की होडीचा डेक, करडा साग दिसला की आधी फळीची जाडी मोजा, मग ब्रश हातात घ्या. रंग कधीही परत आणता येतो. घासून काढलेलं लाकूड परत येत नाही.